किडनी बसली, आता विषाणूंचं काय? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या घरून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रं मुंबईच्या वेगवेगळ्या भागांतली आहेत, पण धास्ती एकच आहे: प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, मग विषाणू आला तर? उत्तरांत औषधांची मात्रा दिली आहे ती समजून घेण्यासाठी. तुमच्या रुग्णाची मात्रा त्याचं वजन, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पांढऱ्या पेशी पाहून ट्रान्सप्लांटची टीमच ठरवेल.

प्रश्न: मी माझी किडनी यजमानांना दिली, त्याला चार महिने झाले. ऑपरेशनच्या आधी आम्हा दोघांच्याही रिपोर्टमध्ये 'सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' आलं होतं. तीन महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर ही विषाणू रोखणारी गोळी दिली, आता बंद केली आहे. माझ्यामुळे त्यांना हा विषाणू गेला का? गोळी बंद झाल्यावर धोका वाढतो का? (भांडुप)

आधी मनातली टोचणी काढून टाका. आयजीजी ही विषाणूविरुद्धची अँटिबॉडी, ती पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे, जुन्या संसर्गाची खूण. सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. भारतातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी सापडतात. एकदा शिरला की तो जन्मभर शरीरात झोपून राहतो. तुमच्या किडनीबरोबर तुमच्यातला सीएमव्ही गेला असू शकतो, पण यजमानांकडे त्यांचा स्वतःचा होताच आणि त्याला ओळखणाऱ्या पेशीही होत्या. खरी जोखमीची जोडी म्हणजे दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह. तिथे शरीराने हा विषाणू कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून अशा किडनीच्या रुग्णांना प्रतिबंधक गोळी सहा महिने देतात. दोघंही पॉझिटिव्ह असताना साधारण तीन महिने देतात, तेच तुमच्याकडे झालं.

सीएमव्हीला झोपवून ठेवण्याचं काम मुख्यतः टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी हेरणाऱ्या पांढऱ्या पेशी) करतात, अँटिबॉडी नव्हे. हे काम किती मोठं आहे पाहा: पॉझिटिव्ह असलेल्या निरोगी माणसाच्या स्मृती टी-पेशींपैकी सरासरी १० टक्के या एकाच विषाणूवर पहारा ठेवण्यात गुंतलेल्या असतात. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, घडवून आणणाऱ्याही टी-पेशीच, त्यामुळे औषधांचा रोखही त्यांच्यावरच असतो. त्यातलं टॅक्रोलिमस पेशीच्या आतलं कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ हा वाढीचा संदेश तयार होत नाही. मायकोफेनोलेट पेशींना विभाजनासाठी लागणारा ग्वानोसिनचा पुरवठा तोडतं. ऑपरेशनच्या वेळी एटीजी (टी-पेशींविरुद्धचं इंजेक्शन) दिलं असेल तर टी-पेशी सरळ नष्ट होतात आणि भरून यायला महिने लागतात. म्हणूनच आयजीजी भरपूर असूनही सीएमव्ही डोकं वर काढू शकतो. ट्रान्सप्लांटनंतर 'सीएमव्ही पुन्हा जागा झाला का' हे पाहण्यासाठी आयजीजी, आयजीएम या अँटिबॉडींच्या तपासण्या करून घेण्यात पैसे घालवू नका. उपयोगाची तपासणी एकच, रक्तातला क्वांटिटेटिव्ह पीसीआर, म्हणजे विषाणू किती आहे ते मोजणारी.

गोळी बंद झाल्यानंतरचे पहिले तीन महिने जास्त सांभाळायचे. गोळी चालू असताना विषाणू वाढतच नाही, त्यामुळे टी-पेशींना सरावही होत नाही, आणि गोळी थांबली की त्यांची खरी परीक्षा सुरू होते. बारीक ताप, कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटणं, पातळ जुलाब, गिळताना दुखणं, धाप, किंवा लक्षण काहीच नाही पण पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली आणि यकृताची एन्झाइम वाढलेली, अशा वेळी पुढच्या ओपीडीची वाट न बघता पीसीआर करून घ्या. पोटाच्या सीएमव्हीत रक्ताचा पीसीआर निगेटिव्हही येतो. जुलाब थांबत नसतील तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढूनच निदान होतं, आणि इथेच बरेचदा उशीर होतो, कारण घरचे 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून आठवडा काढतात.

पीसीआर दर वेळी एकाच लॅबमध्ये करा आणि नमुना प्लाझ्माचा आहे की अख्ख्या रक्ताचा हे रिपोर्टवर पाहून ठेवा. दोन्हींचे आकडे वेगळे येतात. आकडा आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये असावा. ६०० चे ९०० झाले म्हणून घाबरायचं कारण नाही, तेवढा फरक तपासणीतच पडतो. तीनपटीहून जास्त चढउतार असेल तरच विषाणू खरोखर वाढला किंवा घटला असं धरतात.

आजार झालाच तर किडनीचं काम चांगलं असताना व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात (प्रतिबंधासाठी तेवढीच एकदा), निदान दोन आठवडे आणि विषाणू दिसेनासा होईपर्यंत. दर आठवड्याला पीसीआर करतात. गोळी जेवणाबरोबर घ्या, पोटात जास्त शोषली जाते. ती तोडू किंवा कुटू नका. भुकटी त्वचेला लागली तर साबणाने धुवा. गर्भाला ती घातक आहे, म्हणून स्त्री रुग्णाने उपचार संपल्यावर ३० दिवस आणि पुरुष रुग्णाने ९० दिवस गर्भनिरोधक वापरायचं.

इथे एक चूक वारंवार होते. या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होतात, ते पाहून कोणीतरी परस्पर तिची मात्रा निम्मी करतो. अर्धवट मात्रेत विषाणू मरत नाही, औषधाला सरावतो. त्याच्या यूएल९७ या जनुकात बदल होतो आणि मग गोळी चालेनाशी होते. पुढचा पर्याय फॉस्कार्नेट, जो किडनीलाच त्रास देतो. पेशी खाली आल्या तर टीम बहुधा आधी मायकोफेनोलेट किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल (संसर्ग टाळण्यासाठीचं प्रतिजैविक) कमी करते आणि गरज पडल्यास पेशी वाढवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन देते. सीएमव्हीच्या गोळीची मात्रा क्रिएटिनिननुसार बदलते, भीतीनुसार नाही. योग्य मात्रा देऊनही दोन आठवड्यांत आकडा उतरला नाही तर मात्र प्रतिरोधाची जनुकीय तपासणी मागा.

प्रश्न: बाबांच्या ट्रान्सप्लांटला सात महिने झाले. क्रिएटिनिन १.३ वरून १.९ वर गेलं. तपासणीत 'बीके व्हायरस, रक्तात ४०,००० कॉपीज' आलं आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेट निम्मं केलं. विषाणूवर औषध द्यायचं सोडून रिजेक्शनचंच औषध कमी का केलं? काका म्हणतात, दुसरीकडे दाखवा. (लालबाग)

दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही, पण डॉक्टरांनी केलं ते बरोबर आहे. बीकेवर खात्रीने चालणारं विषाणूविरोधी औषध आजही नाही. लिव्होफ्लोक्सासिन देऊन पाहिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने बीकेला प्रतिबंध झाला नाही. सिडोफोव्हिर, लेफ्लुनोमाइड, इम्युनोग्लोब्युलिन हे उपाय काही ठिकाणी वापरतात, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे. बीकेला आवरणारी एकच गोष्ट म्हणजे बाबांच्या स्वतःच्या टी-पेशी, आणि त्यांना थोडी मोकळीक देणं हाच उपचार.

हा विषाणू १९७१ मध्ये लंडनमध्ये एका किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीत सापडला. ८० टक्क्यांहून अधिक प्रौढांमध्ये त्याच्या जुन्या संसर्गाची खूण असते. तो किडनीच्या नलिकांच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात निमूट राहतो आणि निरोगी माणसाला काहीही करत नाही. नव्या किडनीत मात्र त्याला दुहेरी सवलत मिळते. एक तर औषधांनी टी-पेशी मंदावलेल्या. दुसरं असं की, टी-पेशी विषाणूला नुसतं ओळखत नाहीत. विषाणूचा तुकडा आपल्याच एचएलए (पेशीची ओळख सांगणाऱ्या) रेणूवर मांडलेला दिसला तरच त्या ओळखतात. नवी किडनी दात्याची, तिच्या पेशींवरचे एचएलए दात्याचे. जितकी जुळणी कमी, तितकं बाबांच्या टी-पेशींना त्या किडनीतल्या संसर्ग झालेल्या पेशी हेरणं कठीण. संसर्ग दात्याच्या किडनीत आणि पहारेकरी बाबांचे, ही या आजाराची मुख्य अडचण आहे.

विषाणू आधी लघवीत दिसतो, काही आठवड्यांनी रक्तात, आणि त्यानंतर किडनीला इजा होते. त्यामुळे पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि मग दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्ताचा बीके पीसीआर करावा, असं आजचं मार्गदर्शन आहे. १,००० कॉपीजच्या वरचा आकडा दोन-तीन आठवडे टिकला तर औषधं कमी करायला सुरुवात करतात. १०,००० च्या वर गेला तर किडनीला इजा सुरू झाली असं गृहीत धरतात. बाबांचा आकडा त्याच्या वर आहे आणि क्रिएटिनिनही चढलेलं आहे. अशा वेळी बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवली तर नाही म्हणू नका. सूक्ष्मदर्शकाखाली बीकेची सूज आणि रिजेक्शनची सूज फार सारखी दिसते, पण उपचार एकमेकांच्या उलट आहेत: रिजेक्शनला स्टेरॉइड वाढवायचं, बीकेला प्रतिकारशक्तीवरचा औषधांचा दाब कमी करायचा. तुकड्यावर एसव्ही४० नावाची रंगपरीक्षा करून विषाणू आहे की नाही ते सांगता येतं. मात्र बीके किडनीत ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, म्हणून किमान दोन तुकडे हवेत आणि त्यांत आतल्या मेड्युलाचा भाग यायला हवा, नाहीतर आजार असून निसटतो.

पुढे काय होईल? मायकोफेनोलेट दिवसाला २ ग्रॅम असेल तर १ ग्रॅम. आकडा उतरला नाही तर पूर्ण बंद. टॅक्रोलिमसची पातळी साधारण ६ नॅनोग्रॅमच्या खाली आणतात. काही केंद्रं आधी टॅक्रोलिमस कमी करतात, मग मायकोफेनोलेट. दोन्ही क्रम चालतात. बीके पीसीआर दर दोन ते चार आठवड्यांनी आणि क्रिएटिनिन दर एक-दोन आठवड्यांनी करत राहायचं. पंधरा दिवसांत आकडा शून्य होणार नाही. विषाणू ओसरायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि याच काळात घरच्यांचा धीर सुटतो.

दरम्यान क्रिएटिनिन थोडं वरही जाऊ शकतं. टी-पेशी जाग्या झाल्या की त्या विषाणू असलेल्या नलिकांवर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत किडनीलाही मार बसतो. ते तात्पुरतं आहे की खरं रिजेक्शन सुरू झालं आहे, हे पीसीआरचा कल, दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी आणि गरज पडली तर पुन्हा बायोप्सी पाहून ठरतं. या टप्प्यावर कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या पूर्ववत करणं किंवा उत्साहाने आणखी कमी करणं, दोन्हींनी किडनी जाऊ शकते.

टॅक्रोलिमसच्या तपासणीबद्दल एक सूचना, कारण सगळे निर्णय त्या आकड्यावर टेकलेले असतात. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ च्या सुमारास. लोकलची गर्दी, मग ओपीडीची रांग, म्हणून अनेक जण गोळी घेऊनच घराबाहेर पडतात. आकडा फसवा, चढा येतो आणि मात्रा उगाच कमी केली जाते. गोळी आणि नाश्त्याचा डबा बरोबर न्या, रक्त दिल्यावर घ्या. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर हे अंतर २४ तासांचं.

प्रश्न: सासूबाई रोज गुळवेलीचा काढा करून देतात, 'प्रतिकारशक्ती वाढते' म्हणून. माझ्या मिस्टरांना लिव्हर बसवलं आहे. द्यावा का? (गिरगाव)

देऊ नका. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, म्हणून त्यांना कारण नीट सांगा: मिस्टरांची प्रतिकारशक्ती कमकुवत झालेली नाही, नवं लिव्हर वाचवण्यासाठी ती औषधं देऊन मोजून दाबली आहे. ती सरसकट वाढली तर पहिला हल्ला लिव्हरवरच होईल. गुळवेलीबाबत तर ठोस नोंद आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ती सूज ऑटोइम्यून प्रकारची होती, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटलेली.

दुसरा धोका औषधांच्या पातळीचा. टॅक्रोलिमस ज्या सीवायपी३ए४ एन्झाइमने मोडतं, ते एन्झाइम काही फळं आणि औषधं अडवतात. ग्रेपफ्रूट नको हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं, पण पपनस नको हे फारसं कोणी सांगत नाही. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनसांचे ढीग लागतात. हे फळ त्याच कुळातलं आहे आणि तोच परिणाम करतं. मोसंबी, संत्रं चालेल. भाजीतली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल आणलं तर पातळी झपाट्याने चढते. टीबीचं रिफॅम्पिसिन ती खाली पाडतं, इतकी की रिजेक्शन होऊ शकतं. नवी कोणतीही गोळी, मग ती फॅमिली डॉक्टरांनी दिलेली का असेना, ट्रान्सप्लांट टीमला फोटो पाठवून विचारा.

प्रश्न: भाऊ डायलिसिसवर आहे, किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव आहे. आता कोणत्या लसी घ्याव्यात आणि कोणत्या नंतर? घरात नऊ महिन्यांचा पुतण्या आहे, त्याच्या पोलिओच्या डोसाचं काय? (बोरिवली)

लसींचं बहुतेक काम आताच उरका. डायलिसिसवर लसीचा प्रतिसाद मंद असतो, पण ट्रान्सप्लांटनंतर तो आणखी मंदावतो.

हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट मात्रेत देतात: ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ व्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार होणारी अँटिबॉडी) तपासा. १० च्या खाली असेल तर मालिका पुन्हा करतात. न्यूमोकोकलची लस आताच. फ्लूची दरवर्षी, आणि मुंबईत फ्लू पावसाळ्यात उसळतो म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. कांजिण्या किंवा गोवर कधी झाले नसतील आणि अँटिबॉडी नसतील तर त्यांच्या जिवंत लसी ट्रान्सप्लांटच्या किमान चार आठवडे आधी संपवायच्या. यादीतला कॉल कधी येईल सांगता येत नाही, म्हणून यात चालढकल करू नका. नंतर जिवंत लस चालत नाही: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडातून दिली जाणारी पोलिओ, पिवळा ताप, नाकात मारायची फ्लूची लस. नागिणीची रिकॉम्बिनंट लस मात्र जिवंत नाही. ती भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोस असतात, आणि ट्रान्सप्लांटच्या आधी वा नंतरही घेता येते.

ट्रान्सप्लांटनंतर लस किती लागू पडते याची कल्पना कोविडने दिली. अमेरिकेतल्या एका पाहणीत एमआरएनए लसीच्या पहिल्या डोसनंतर अवयव प्रत्यारोपण झालेल्यांपैकी १७ टक्क्यांमध्येच अँटिबॉडी दिसल्या, दुसऱ्यानंतर ५४ टक्क्यांमध्ये. फ्रान्समधल्या दुसऱ्या गटात तिसऱ्या डोसने हे प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेलं. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांचा प्रतिसाद सर्वांत कमी, कारण ते टी आणि बी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) दोन्ही पेशींची वाढ रोखतं. रिट्युक्सिमॅब दिलं असेल तर बी-पेशी निदान सहा महिने नसतातच. म्हणून लस घेऊन झाली की संपलं असं नसतं. घरातल्या प्रत्येकाने लसी घेणं हाही भावाच्या संरक्षणाचाच भाग आहे. लसीसाठी मायकोफेनोलेट स्वतःहून थांबवू नये.

आता पुतण्या. त्याला गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जरूर द्या, भावाला त्यापासून धोका नाही. कांजिण्यांच्या लसीनंतर बाळाला पुरळ आलं तर ते जाईपर्यंत लांब ठेवा. पोलिओच्या थेंबांचं वेगळं आहे: त्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. भावाचं ट्रान्सप्लांट झाल्यावर बाळाला थेंबांऐवजी इंजेक्शनची लस देता येईल का हे बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. पल्स पोलिओच्या रविवारी थेंब दिले गेलेच तर घाबरू नका. चार ते सहा आठवडे भावाने बाळाचे लंगोट बदलायचे नाहीत आणि घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. रोटाव्हायरसच्या लसीलाही हाच नियम. बाळाची लस चुकवणं हा पर्याय नाही.

प्रश्न: पावसाळा आला की धडकी भरते. आईला किडनी बसून दोन वर्षं झाली. ताप आला तर डेंग्यू समजून घरी थांबावं की लगेच दाखवावं? (कुर्ला)

लगेच. आई प्रेडनिसोलोन घेत असतील तर ताप दबलेला असतो, म्हणून १०० फॅरनहाइटही मोजा आणि त्याच दिवशी टीमला कळवा. डेंग्यूत कधीकधी त्यांना ताप फारसा येतही नाही, नुसता थकवा आणि प्लेटलेट उतरलेल्या. त्या मायकोफेनोलेटने उतरल्या, सीएमव्हीने की डेंग्यूने, हे अंदाजाने ठरत नाही. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ तपासणी, त्यानंतर आयजीएम. मात्र दाबलेल्या प्रतिकारशक्तीत आयजीएम उशिरा उगवतं, त्यामुळे निगेटिव्ह आयजीएमवर विसंबू नका. मलेरिया आणि लेप्टोच्या तपासण्याही त्याच नमुन्यात करून घ्या. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन लागतं का, हे ताप यायच्या आधीच, ७२ तासांच्या आत विचारा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड अजिबात नाही. रक्तस्रावाचा धोका तर आहेच, शिवाय टॅक्रोलिमसच्या जोडीने ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. स्टेरॉइड एकाएकी बंद करायचं नाही. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं किंवा ताप उतरत असतानाच गळून जाणं, यांपैकी काहीही दिसलं की थेट रुग्णालय गाठा.

याच दिवसांत जुलाबही फार होतात, आणि त्यातली एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उतरत नाही, चढते. हे औषध मोडणारं एन्झाइम आतड्याच्या अस्तरातही असतं. अस्तर सुजलं की औषध न मोडता रक्तात जातं. वर अंगातलं पाणी कमी, म्हणजे किडनीवर दोन बाजूंनी ताण. हात थरथरायला लागले तर ती पातळी चढल्याची खूण समजा. जुलाब दोन दिवसांहून लांबले तर क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमस दोन्ही तपासा, ओआरएस सुरू ठेवा.

प्रश्न: कोविड झाला तर पॅक्सलोव्हिड चालतं का? (मुलुंड)

चालू शकतं, पण ते परस्पर घेणं जिवावर बेतू शकतं. त्यातलं रिटोनाव्हिर सीवायपी३ए४ पूर्णपणे अडवतं आणि टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढते. देणारच असतील तर टॅक्रोलिमस आधी थांबवतात, कोर्स पाच दिवसांचा, आणि पातळी मोजून मगच पुन्हा सुरू करतात. जिथे रोज पातळी मोजणं जमत नाही तिथे रेमडेसिव्हिर तीन दिवस शिरेतून (२००, १००, १०० मिलिग्रॅम) जास्त सोपं पडतं. लक्षणं सुरू झाल्यापासून वेळ कमी असतो, पॅक्सलोव्हिडला पाच दिवस, रेमडेसिव्हिरला सात. म्हणून टेस्ट पहिल्याच दिवशी करा.

प्रश्न: मुलीला दीड वर्षाची असताना लिव्हर बसवलं, मी दाता होतो. आता ती अडीच वर्षांची आहे. मानेला गाठी आल्या आहेत, रात्री घोरते. इथले डॉक्टर टॉन्सिल म्हणतात. (विक्रोळी)

टॉन्सिल असेलही, पण या आठवड्यातच तिला ट्रान्सप्लांट केंद्रात दाखवा. इतक्या लहान वयात मुलांना एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, बहुधा झालेला नसतो. मोठ्या दात्याच्या अवयवातून तो पहिल्यांदाच येतो. ईबीव्ही बी-पेशींमध्ये शिरून त्यांना वाढत राहायला लावतो. एरवी टी-पेशी त्या वाढीला लगाम घालतात. तो लगाम औषधांनी सैल असेल तर बी-पेशींची वाढ हाताबाहेर जाते आणि तिचा लिम्फोमाही होऊ शकतो. याला पीटीएलडी म्हणतात. गाठी, सुजलेले टॉन्सिल आणि नव्याने सुरू झालेलं घोरणं, न उतरणारा ताप, वजन न वाढणं, रक्त कमी होणं, शीतून रक्त, ही त्याची लक्षणं.

ईबीव्ही पीसीआर, रक्ताची पूर्ण तपासणी, एलडीएच आणि पोटाची सोनोग्राफी करतील. केवळ पीसीआर चढा आला म्हणून पीटीएलडी ठरत नाही आणि कमी आला म्हणून ते नाकारताही येत नाही. गाठ तपासायची तर सुईने पाणी काढून भागत नाही, पूर्ण गाठ किंवा मोठा तुकडा काढावा लागतो, कारण पेशींची मांडणी पाहायची असते. टॉन्सिल काढायचे ठरलेच तर ते पॅथॉलॉजीला पाठवा आणि मूल ट्रान्सप्लांटचं आहे हे कागदावर ठळक लिहायला सांगा. लवकर सापडलं तर पहिला उपाय बीकेसारखाच, औषधांचा दाब कमी करणं, आणि काही मुलांमध्ये तेवढ्याने गाठी विरघळतात. नाही विरघळल्या तर रिट्युक्सिमॅब, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, चार वेळा. या काळात लिव्हरची एन्झाइम आठवड्याला तपासली जातील. भेटीला जाताना पहिल्यापासूनचे सगळे टॅक्रोलिमसचे आकडे आणि दात्याचा, म्हणजे तुमचा, ट्रान्सप्लांटच्या आधीचा ईबीव्हीचा रिपोर्ट बरोबर न्या.

प्रश्न: शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या आहेत. यजमानांना किडनी बसवलेली आहे, काल तो मुलगा आमच्याकडेच खेळत होता. (परळ)

फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवतं, म्हणून कालचा संपर्क धरायलाच हवा. यजमानांचा ट्रान्सप्लांटपूर्वीचा व्हॅरिसेला आयजीजीचा रिपोर्ट काढा. पॉझिटिव्ह असेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. निगेटिव्ह असेल तर आजच टीमला फोन करा: व्हॅरिसेला इम्युनोग्लोब्युलिन शक्य तितक्या लवकर, ९६ तासांत मिळालं तर उत्तम आणि फार तर दहा दिवसांपर्यंत देतात. ते मिळालं नाही तर संपर्कानंतर सातव्या दिवसापासून सात दिवस अॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिर देतात, मात्रा क्रिएटिनिन पाहून. कांजिण्या उठायला १० ते २१ दिवस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर २८ पर्यंत. तोवर एखादा जरी फोड दिसला, किंवा फोड नसताना पोटात असह्य दुखू लागलं, तर घरी न थांबता शिरेतून अॅसायक्लोव्हिर सुरू करण्यासाठी दाखल व्हायचं. रुग्णालयात जाण्याआधी फोनवर कांजिण्यांचा संशय आहे हे सांगा, म्हणजे त्यांना ट्रान्सप्लांटच्या इतर रुग्णांबरोबर ओपीडीत बसवणार नाहीत.